२० फुटी होडीला उलांडी आणि नांगी-शीड: आराखडा तपासून हवा

खाडीकाठ

मालवण-तारकर्ली पट्ट्यात किनाऱ्यापासून दोन-तीन मैलांच्या आत आणि कर्लीच्या खाडीत चालवायला एक उलांडीची होडी (म्हणजे तोल सांभाळायला बाजूला दांड्यांवर ओंडका किंवा पाईप बांधलेली) बांधायची आहे. इंजिन नाही, फक्त शीड आणि वल्ही. दोन माणसं आणि ३० किलो सामान. सध्याचा आराखडा असा आहे:

होडी २० फूट लांब, पाण्याच्या रेषेवर ३ फूट रुंद, प्लायवुडची. उलांडी म्हणून १६० मिमीचा पीव्हीसी पाईप, ३ मीटर, दोन्ही टोकं बंद. होडीच्या मध्यापासून पाईप २.४ मीटरवर. आडवे दांडे दोन, ६० मिमीचा प्रत्येकी एक बांबू, होडीला आणि पाईपाला १२ मिमीच्या बोल्टने जोडलेले. शीड ८ चौरस मीटर, पॅसिफिक बेटांवर असतं तसं खेकड्याच्या नांगीच्या आकाराचं.

प्रश्न तीन. उलांडी कायम वाऱ्याकडे ठेवावी की एका बाजूला पक्की करून नेहमीसारखी होडी फिरवावी? पाईप चालेल का? बोल्ट पुरतील का?

---

मतलई

आराखड्यात सगळ्यात मोठी चूक पाईपाची आहे आणि ती चूक पाईप फुटण्याची नाही, पाईप हलका असण्याची आहे. हिशोब मांडतो.

शिडावर वाऱ्याचा दाब १० नॉटला साधारण दर चौरस मीटरला २ किलो धरा. ८ चौरस मीटरला १६ किलो. हा जोर पाण्याखालच्या अंगापासून, म्हणजे होडीच्या मुख्य धडापासून, सुमारे २.४ मीटर उंचीवर लागतो, म्हणजे होडी कलंडवणारा जोर (किलो गुणिले मीटर) ३८. वारा दीडपट झाला की दाब सव्वादोनपट होतो: १५ नॉटला ८६, २० नॉटला १५४.

आता तिला धरून ठेवणारा जोर. उलांडी वाऱ्याकडच्या बाजूला असेल तर ती तरंगून काही करत नाही, स्वतःच्या वजनाने करते. १६० मिमीचा पाईप, ३ मीटर, टोपणांसकट १० किलोच्या आसपास. १० गुणिले २.४ म्हणजे २४. आडवे दांडे आणि वरच्या पट्ट्या मिळून २५ किलो, त्यांचं वजन अर्ध्या अंतरावर, म्हणजे ३०. एकूण ५४. वारा १२ नॉटवर गेला की उलांडी हवेत. किनाऱ्यावर नोव्हेंबर ते मे दुपारचा वायव्येचा वारा १२ ते १५ नॉट सहज असतो. म्हणजे रोज दुपारी एक माणूस दांड्यावर बसवूनच घरी यावं लागेल.

त्याऐवजी हलक्या लाकडाचा ओंडका घ्या. पांगारा किंवा सावर, ३ मीटर लांब, २० सेंटीमीटर जाड, वाळल्यावर ३५ किलोच्या आसपास. अंतर २.५ मीटर करा. ३५ गुणिले २.५ म्हणजे ८८, दांड्यांचे ३१, एकूण ११९. उलांडी उचलायला आता जवळपास १८ नॉट वारा लागेल. ७० किलोचा माणूस दांड्यावर १.२ मीटर बाहेर सरकला की २०० च्या वर, म्हणजे २३ नॉटपर्यंत. एवढ्या वाऱ्यात ही होडी बाहेर असताच कामा नये.

ओंडक्याचं आकारमान ९४ लिटर. खाऱ्या पाण्यात पूर्ण बुडाला तर ९६ किलो उचलतो, स्वतःचे ३५ वजा केले तर ६० किलो शिल्लक. चुकून वारा उलट्या बाजूने आला आणि उलांडी वाऱ्याआड गेली तरी तेवढा आधार मिळतो. पाईपाला ही शिल्लक ५० मिळेल, पण बुडलेला पाईप होडीला इतकं ओढतो की नाळ (होडीचं पुढचं टोक) त्याच बाजूला वळते आणि सुकाणू ऐकत नाही. ओंडक्याचं पुढचं आणि मागचं टोक खालून तासून वर उचललेलं ठेवा. चौकोनी टोक लाटेत खुपसतं, आणि खुपसलं की सगळा पीळ दांड्यांवर येतो.

रुंदी ३ फूट फार झाली. २० फुटाला ३ फूट म्हणजे जेमतेम पावणेसात पट. होडी उभी राहावी म्हणून रुंदी लागते, आणि ते काम इथे उलांडी करते. पाण्याच्या रेषेवर ४५ सेंमी ठेवा. पाण्यातली लांबी ५.६ मीटर धरली तर बारा पट. रुंद होडी स्वतःच्याच लाटेत अडकते. १८ फुटांच्या जलरेषेला तो वेग पावणेसहा नॉटच्या आसपास येतो. अरुंद अंगाला ती लाटच लहान उठते, म्हणून आडव्या वाऱ्यात ती तिच्या पुढे जाते.

---

सुंभपीळ

वजनाबद्दल मतलई यांनी लिहिलंच आहे. बोल्टबद्दल लिहितो, कारण उलांडीच्या होड्या बहुतेक वेळा सांध्यात मोडतात.

बांबूला १२ मिमीचं भोक पाडू नये, एवढं एक वाक्य पाठ करून ठेवावं. बांबूचे धागे लांबीने जातात. भोकाच्या दोन्ही बाजूंना तो फाटायलाच बसलेला असतो. दुसरं असं की होडी आणि उलांडी एकाच लाटेवर कधीच नसतात. लाट तिरकी आली की होडीची नाळ वर जाते तेव्हा उलांडीचं टोक खाली असतं. दर तीन-चार सेकंदांनी सांध्याला पीळ बसतो. बोल्ट वाकत नाही, म्हणून लाकूड चेपतं. भोक अर्धा मिमी लांबट झालं की बोल्ट हातोड्यासारखा आपटायला लागतो, तिथे पाणी शिरतं, कूज तिथूनच सुरू होते. बाहेरून नट घट्ट दिसतो आणि आत भोकाचा भुगा झालेला असतो.

दोरीचा सांधा थोडा देतो आणि परत येतो. होड्यांचे आराखडे काढणाऱ्या जेम्स व्हॅरमने आपल्या टिकी जातीच्या जोडहोड्यांत दोन अंगं जोडणारे आडवे दांडे दोरीनेच बांधले. त्यातली २१ फुटी होडी पृथ्वीप्रदक्षिणा करून आली आहे. पॅसिफिक बेटांवर ही दोरी नारळाच्या काथ्याची असते, म्हणजे आपला सुंभच.

बांधायची पद्धत:

होडीच्या काठावर दांडा बसेल तिथे लाकडी खोगीर बसवा, दांड्याच्या गोलाईइतकी खोबण कोरलेलं. खोबणीत जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा. दोरी ६ मिमी पॉलिएस्टर, एका सांध्याला ८ मीटर. नायलॉन नको, ओलं झालं की लांबतं. डायनीमाची दोरी ताकदीला भारी आहे, पण गुळगुळीत असल्याने गाठ सरकते.

आधी दांड्यावरून आणि काठाखालच्या लाकडी पट्टीखालून ६ ते ८ फेरे. फेरे एकमेकांवर चढू देऊ नका, शेजारी शेजारी बसले पाहिजेत. प्रत्येक फेरा हाताने ओढून पुरत नाही. दोरी एका दांडक्याला गुंडाळा, काठावर पाय रोवा आणि रेटा द्या. मग दांडा आणि पट्टी यांच्या मधल्या उभ्या फेऱ्यांना कंबर आवळल्यासारखे ४ आडवे फेरे. खरा ताण या आडव्या फेऱ्यांनी येतो. ते सैल राहिले तर वरचे आठ फेरे असून नसल्यासारखे. शेवटी उरलेल्या दोरीने दोन अर्ध्या गाठी, आणि टोक किमान १० सेंमी सोडायचं.

पहिल्या दोन तासांच्या फेरीनंतर सगळे सांधे पुन्हा आवळायचे. नवी दोरी बसते, ते स्वाभाविक आहे. पॉलिएस्टरला उन्हाने वरचा थर पांढुरका होतो आणि नखाने खरवडला तर भुगा निघतो. भुगा निघाला की दोरी बदला, वर्ष मोजत बसू नका.

एका दांड्याला एक बांबू पुरणार नाही. लाट आदळते तेव्हाचा जोर शांत पाण्यातल्या जोराच्या तिप्पट धरला तर ६० मिमीचा एक भरीव बांबू त्याच्या मोडायच्या मर्यादेजवळ जातो. दोन जोडून बांधा, जोर निम्मा होतो. बांबू माणगाच घ्या, सिंधुदुर्गात त्यालाच मेस म्हणतात. तो जवळपास भरीव असतो. पावसाळ्यानंतर तोडलेला, तीन-चार आठवडे वाहत्या पाण्यात ठेवलेला आणि सावलीत वाळवलेला. पाण्यात न ठेवलेल्या बांबूत साखर शिल्लक राहते आणि वर्षाच्या आत भुंगा पिठासारखा भुगा पाडतो.

---

पांढरीवाळू

काथ्याचा सुंभ वापरला तर चालेल का? पॉलिएस्टरपेक्षा स्वस्त आहे आणि गावात मिळतो.

---

सुंभपीळ

चालतो. तोच सुंभ खाऱ्या पाण्यात इतर नैसर्गिक दोऱ्यांपेक्षा जास्त टिकतो. फरक दोन. एकाच जाडीला ताकद पॉलिएस्टरच्या मानाने बरीच कमी, म्हणून ८ मिमीचा घ्या आणि फेरे दीडपट करा. आणि उन्हात सुकला की सैल पडतो, ओला झाला की आवळतो. होडी वाळूवर आठवडाभर उन्हात असेल तर निघण्याआधी अर्धा तास सांध्यांवर समुद्राचं पाणी ओता आणि मगच सांधे हलवून बघा. कोरड्या सांध्यावर भरवसा ठेवून निघू नका. उलांडीच्या ओंडक्याला मात्र पॉलिएस्टरच बांधा, तो सांधा कायम घासतो.

---

ऑकलंडकर

उलांडी कोणत्या बाजूला, या प्रश्नावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

जगात दोन रीती आहेत. एकीत उलांडी कायम एकाच बाजूला, डावीकडे म्हणा, आणि होडी नेहमीसारखी नाळ वाऱ्यातून फिरवते. अर्धा वेळ उलांडी वाऱ्याकडे आणि अर्धा वेळ वाऱ्याआड. दुसरीत होडीला पुढचं-मागचं असं काही नसतं. उलांडी कायम वाऱ्याकडे, आणि दिशा बदलायची तर शीड एका टोकावरून दुसऱ्या टोकाला नेतात. जे मागचं टोक होतं तेच नाळ होतं. मायक्रोनेशियातल्या प्रोआ अशाच चालतात, आणि इतक्या लांब जायचं कारण नाही, श्रीलंकेच्या ओरूदेखील अशाच चालतात. १७४२ मध्ये ब्रिटिश नौदल अधिकारी अॅन्सनच्या जहाजावरच्या लोकांनी पॅसिफिकमधल्या टिनियन बेटावर अशा प्रोआची मापं काढून ठेवली, तेव्हापासून युरोपातले होडी बांधणारे त्यावर विचार करत आहेत.

कर्लीच्या खाडीत दुसरी रीत त्रासाची आहे. एकदा टोक बदलायला दोघांना सवय झाल्यावरही अर्धा मिनिट लागतं आणि त्या वेळात होडी वाऱ्याखाली वाहत जाते. अरुंद पात्रात दर शंभर मीटरला हे करत वाऱ्यावर चढता येत नाही.

म्हणून माझी सूचना वेगळी आहे: उलांडी सोडा, जोडहोडी करा. दोन सारखी अंगं, दोन्हीकडे तरंगण्याची ताकद सारखी, कोणती बाजू वाऱ्याकडे हा प्रश्नच नाही. टिकी २१ ची लांबी २१ फूट आणि रुंदी १२ फूट. ६ मिमी प्लायवुडमध्ये घरच्या अंगणात होते. त्याहून पारंपरिक हवं असेल तर टिकोपिया या पॅसिफिक बेटावरच्या जुन्या होडीवरून व्हॅरमने काढलेला ३८ फुटी आराखडा बघा. तशा दोन जोडहोड्या २००८-०९ मध्ये फिलिपिन्सहून टिकोपिया आणि अनुटा बेटांपर्यंत नांगी-शिडावर गेल्या. ती मूळ होडी इथे ऑकलंडच्या संग्रहालयात आहे. अंग बघितलं की कळतं, फळी कुठे संपते आणि दोरी कुठे सुरू होते हे शोधावं लागतं.

---

मतलई

ऑकलंडकर, जोडहोडी खाडीत सोपी पडते हे मान्य. पण तारकर्लीला धक्का नाही, होडी वाळूवरून ओढायची आहे. ९० किलोचं एक अंग आणि सुटी होणारी उलांडी दोन माणसं ओंडक्यांवर सरकवत नेतात. १२ फूट रुंद, तिप्पट-चौपट वजनाची जोडहोडी चार-पाच माणसांशिवाय भरतीच्या रेषेवर जात नाही. आणि जोडहोडी वाऱ्यातून फिरताना थांबते ती वेगळीच अडचण आहे. वेग घेऊन सुकाणू हळूहळू वळवायचं, पुढचं शीड उलट्या बाजूला भरू द्यायचं, होडी मागे सरकू लागली की सुकाणू उलटं करायचं. एकाच नांगी-शिडावर पुढच्या शिडाची ही मदत मिळत नाही.

खाडीकाठ यांचं खरं काम समुद्रावर आहे. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा पूर्वेकडून, दुपारी वायव्येचा वारा. दोन्ही वेळेला एकाच दिशेने मैल-दोन मैल सरळ जाता येतं. त्यात टोक बदलायला दोन-चार वेळाच लागेल. खाडीत शीड गुंडाळा आणि भरतीबरोबर वल्हवत आत जा. माझं मत प्रोआकडे.

---

ऑकलंडकर

वाळूवरून ओढायचं असेल तर माझा आग्रह नाही. मग टोक बदलण्याची क्रमवारी तोंडपाठ असू द्या, कारण प्रोआ उलटते ती बहुतेक तिथेच.

१. दामण (शीड ओढून धरणारा दोर) पूर्ण सोडा. शीड फडफडत वाऱ्याखाली जातं, होडी आडवी होऊन थांबते, उलांडी वाऱ्याकडे. थांबेपर्यंत बाकी काही करायचं नाही.

२. शिडाचा खालचा कोपरा, जिथे दोन्ही काठ्या मिळतात, तो टोकावरच्या खाचेतून सोडवा आणि वाऱ्याआडच्या काठाने चालत दुसऱ्या टोकाला न्या. वाऱ्याकडच्या बाजूने नेलात तर शीड डोलकाठीला चिकटतं.

३. डोलकाठी नव्या नाळेकडे झुकवा. म्हणून तिचं बूड पक्कं ठोकायचं नसतं. गोल तासून उखळासारख्या खळग्यात बसवायचं. दोन्ही टोकांकडे जाणाऱ्या दोन ताणदोऱ्या, एक सोडायची, दुसरी आवळायची.

४. सुकाणूचं वल्हं नव्या मागच्या टोकाला.

५. कोपरा खाचेत बसला याची खात्री करून मगच दामण ओढा.

घात होतो तो वारा वाऱ्याआडच्या बाजूने शिरला तर. डोलकाठीला आधारदोर फक्त उलांडीकडे असतात, दुसऱ्या बाजूला काहीच नसतं. शीड तिच्यावर दाबलं जातं आणि ती उलांडीच्या अंगावर पडते. त्यासाठी डोलकाठीच्या निम्म्या उंचीपासून उलांडीकडच्या दांड्यावर बांबूचा टेकू द्या, म्हणजे ती त्या बाजूला पडूच शकत नाही. असं झालंच तर दामण लगेच सोडायची आणि वल्ह्याने होडी फिरवून उलांडी पुन्हा वाऱ्याकडे आणायची.

दामण कधीही बांधून ठेवू नका. हातात, एका वेढ्यावर.

---

फळकूट

शीड आणि प्लायवुडची मापं देतो.

नांगी-शिडाला ५ मीटरच्या दोन काठ्या, टोकाशी ४५ अंश. त्रिकोणाचं क्षेत्रफळ ८.८ चौरस मीटर. मोकळी कड आतल्या बाजूला वक्र कापली की ८ उरतं. ती वक्र कापलीच पाहिजे, सरळ ठेवली तर फडफडते आणि शिवण उसवते. काठ्या तळाशी ५० मिमी, टोकाला ३०. वाऱ्यात त्या वाकतात, म्हणून कापडाच्या काठीकडच्या कडेला लांबीच्या दोन-तीन टक्के फुगवटा द्या, म्हणजे ५ मीटरला १० ते १५ सेंमी. फुगवटा नसेल तर काठी वाकल्यावर शीड फळीसारखं ताठ होतं आणि ओढ जाते. पहिलं शीड चांगल्या ताडपत्रीचं करा, मापं बसली की डेक्रॉनचं, म्हणजे शिडाच्या खास कापडाचं. नांगी-शीड लहान करणं अवघड. खालची काठी वरच्या काठीकडे खेचणाऱ्या दोन ओढदोऱ्या लावा आणि जोराच्या वाऱ्यासाठी ५ चौरस मीटरचं दुसरं शीड ठेवा.

अंगाचा छेद: तळ सपाट, मध्यावर २८ सेंमी, ९ मिमी प्लायचा. बाजू ६१ सेंमी उंचीच्या, ६ मिमी, बाहेर उकललेल्या. साडेतीनशे किलोला बूड २५ सेंमी बुडेल. ६१ चं कारण साधं आहे: चार फुटी शीट मधोमध कापली की वाया जात नाही. तीन शीट लांबीने जोडून दोन्ही बाजू निघतात, ९ मिमीच्या एका शीटमध्ये पूर्ण तळ, आणि आडभिंती व टोकांच्या झाकणांना ६ मिमीच्या आणखी दोन. जोड आठास एक उताराचा, म्हणजे ६ मिमीला ४८ मिमी.

प्लाय आयएस ७१० (समुद्री प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचा घ्या आणि शिक्क्यावर थांबू नका. दोन इंची तुकडा पाण्यात उकळा. कसोटी ७२ तासांची आहे, पण खोटा माल सहा-आठ तासांतच थर सोडतो. तुकड्याची कडही बघा: मधल्या थरात पोकळी दिसली तर ती शीट परत.

शिवण: कडेपासून १० मिमीवर, दर १५ सेंमीला भोक, तांब्याच्या तारेने टाचायचं. आतून एपॉक्सी आणि लाकडाच्या बारीक पिठाची लापशी, अंगठ्याने ओढल्यासारखी गोल, साधारण २५ मिमी त्रिज्येची. त्यावर ७५ मिमी काचपट्टी (फायबरग्लासची पट्टी). पॉलिएस्टर रेझिन स्वस्त म्हणून वापरू नका, प्लायला ते नीट धरत नाही आणि सालासारखं सुटतं. आपल्या उन्हाळ्यात एपॉक्सी डब्यात धरून ठेवलं तर दहा मिनिटांत धूर निघतो. २०० ग्रॅमच्या वर एका वेळी कालवू नका आणि कालवल्यावर पसरट ताटलीत ओता. दमट दिवशी वर मेणचट थर येतो. तो आधी साध्या पाण्याने आणि घासणीने धुवायचा, मग पॉलिशपेपर. उलट केलं तर मेण लाकडात घासलं जातं आणि पुढचा थर सोलतो.

सपाट तळ वाऱ्याखाली घसरतो, म्हणून वाऱ्याआडच्या बाजूला पाव चौरस मीटरचं उचलता येणारं फळकूट मध्यावर लावा. दोन्ही टोकांच्या बंद कप्प्यांत दोन लिटरच्या रिकाम्या, झाकण घट्ट लावलेल्या बाटल्या जाळ्यात भरून ठेवा, प्रत्येक टोकाला ३०. एकूण १२० लिटर, कप्पा फुटला तरी तेवढं तरंगतं. ओतायचा फोम नको, तो हळूहळू पाणी पितो आणि प्लाय आतून कुजवतो.

---

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. बदल असे करतो: अंग ४५ सेंमी, पांगाऱ्याचा ३५ किलोचा ओंडका २.५ मीटरवर, दुहेरी माणगा, दोरीचे सांधे, बूड गोल असलेली डोलकाठी, टेकू, दुसरं लहान शीड.

ओंडका प्रत्यक्षात ३५ किलोचाच भरेल असं नाही आणि दांड्यांचं वजनही अंदाजाने धरलं आहे. समुद्रात नेण्याआधी उलांडी किती वाऱ्याला उचलेल हे तपासायची रीत आहे का?

---

मतलई

आहे. भांगाच्या दिवशी, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक कमी असतो तेव्हा, वारा नसताना, खाडीत धक्क्याला करा. होडी रिकामी, शीड न चढवता. अंग पाण्याच्या पातळीला दोन दोऱ्यांनी धक्क्याला बांधा, उलांडी धक्क्याकडे नाही, बाहेर. फळकूट खाली सोडा.

डोलकाठीला दोर बांधा. उंची पाण्याखालच्या अंगाच्या मध्यापासून २.४ मीटर, म्हणजे पाण्यापासून सव्वादोन मीटरच्या आसपास. दोराला मासळी तोलायचा लटकता काटा लावा आणि धक्क्यावरून आडवं ओढा. दोर खाली किंवा वर तिरका गेला तर आकडा चुकतो, म्हणून धक्का उंच असेल तर भरती-ओहोटीची अशी वेळ निवडा की काटा बांधलेल्या उंचीला येईल.

ओंडका पाण्यातून पूर्ण सुटला त्या क्षणी काटा वाचा. आकडे बरोबर असतील तर ५० किलोच्या जवळ भरेल, म्हणजे साधारण १८ नॉट. ४० भरला तर १६ नॉट. ३० भरला तर १४ च्याही आत, आणि मग दुपारच्या वाऱ्याला पुरत नाही; ओंडक्याच्या वरच्या अंगाला, दोन दांड्यांच्या मध्ये, ८-१० किलोची ऐनाची फळी बांधा आणि पुन्हा ओढून बघा. ओंडका नंतर पाणी पिऊन जड होतो, तेव्हा ही फळी काढता आली पाहिजे. तिलाही बोल्ट नको, सुंभ बांधा.